मुखत्यारपत्र रद्द केलं, पण ते कळवलं कुणाकुणाला?

प्रश्न थोडक्यात असा: "वडील गेल्यावर आईने (आता वय ७१) २०१९ मध्ये धाकट्या काकांना कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) दिलं, ते नोंदवलेलं आहे. कोरेगाव तालुक्यात आईच्या एकटीच्या नावावर तीन एकर बागायत आहे. ती माझ्याकडे डोंबिवलीला असते. तलाठी, सोसायटी, बँक यांच्यासाठी दर वेळी गावी जाणं तिला झेपत नव्हतं. गेल्या दिवाळीत कळलं की काकांनी २०२२ मध्येच त्यातला एक एकर स्वतःच्या सुनेच्या नावे खरेदीखत करून दिला. किंमत ११ लाख दाखवली आहे, आईला रुपयाही मिळालेला नाही. उरलेल्या दोन एकरांसाठी साताऱ्याच्या एका गृहस्थांकडून विसार घेतलाय म्हणे. आईची बँकेतली ठेवही मोडली. आईने स्टॅम्पपेपरवर 'मुखत्यारपत्र रद्द' असं लिहून नोटरी करून घेतलंय, तो कागद घरी आहे. पोलिसात जाऊ का? आईला कोर्टात उभं राहावं लागेल का? तिच्याकडून माझ्या नावाने नवं मुखत्यारपत्र घेऊ का? काका म्हणतात, बसून मिटवू."

ताई, रद्दलेख घरी आहे हे वाचून मी तिथेच थांबलो. तो कागद जोवर घरात आहे तोवर बाहेरच्या जगासाठी काकांची मुखत्यारी चालूच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०८ सांगतं की मुखत्यारी संपते ती मुखत्याराच्या बाबतीत त्याला ते कळल्यावर आणि तिऱ्हाइताच्या बाबतीत त्या तिऱ्हाइताला कळल्यावर. उद्या काका साताऱ्याच्या गृहस्थांना घेऊन दुय्यम निबंधकाकडे गेले आणि त्या गृहस्थांना रद्दलेखाचा पत्ताच नसेल, तर "आम्ही महिन्यापूर्वीच रद्द केलं होतं" हे तुमचं म्हणणं फार लंगडं पडेल.

मूळ कागद काकांकडून काढून घेतला तरी भागत नाही. अमरनाथ विरुद्ध ग्यानचंद या खटल्यात (सर्वोच्च न्यायालय, २०२२) मालकाचं म्हणणं होतं की मूळ मुखत्यारपत्र मी परत घेतलं होतं आणि त्यावर रद्द असा शेराही मारला होता. मुखत्याराने तरीही विक्री केली आणि न्यायालयाने ती विक्री उचलून धरली. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात कुटुंबांची समजूत हीच असते की कागद ताब्यात आला म्हणजे काम झालं.

आता उलट्या क्रमाने विचार करा. गेलेला एक एकर परत मिळवायला काही वर्षं लागतील, तो पंधरा दिवस थांबू शकतो. उरलेले दोन एकर थांबू शकत नाहीत. म्हणून हा आठवडा त्यांचा.

आईंना घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दलेख रीतसर नोंदवून घ्या, शक्यतो मुखत्यारपत्र जिथे नोंदवलं तिथेच. काकांची सही लागत नाही. मुखत्यारी देणाऱ्याला ती एकतर्फी काढून घेता येते. मुखत्यारपत्रात "हे कधीही रद्द होणार नाही" असं वाक्य असेलच, टायपिंगवाल्यांच्या साच्यात ते असतंच. त्याने बिचकू नका. कलम २०२ प्रमाणे ज्याचं स्वतःचं हितसंबंध त्या मालमत्तेत आहे, उदाहरणार्थ पैसे गुंतवलेला विकसक, त्याच्याच बाबतीत हा प्रश्न गंभीर होतो. काकांनी आईंना काही दिलेलं नाही, त्यांचा त्या जमिनीत हक्क नाही. अशा ठिकाणी ते वाक्य नुसतं शोभेचं.

नोंदणीच्या दिवशीच आईंच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून दाखला घ्या की त्या सावध आहेत, समजून-उमजून बोलतात. काकांच्या वकिलाचं पहिलं वाक्य काय असेल ते मी आत्ताच सांगतो: "म्हातारीला काही कळत नाही, मुलीने सह्या घेतल्या." त्याच दिवशीचा दाखला असेल तर ते वाक्य तिथेच मरतं.

मग नोटीस. ती वकिलामार्फत जाऊ दे आणि तिच्यासोबत नोंदवलेल्या रद्दलेखाची प्रत असू दे. काकांना, सुनेला आणि साताऱ्याच्या गृहस्थांना पाठवा. त्यांचा पत्ता नसेल तर विसारपावतीच्या साक्षीदारांकडून मिळतो, गावात हे लपत नाही. तालुक्याचे दुय्यम निबंधक आणि जिल्ह्याचे सह जिल्हा निबंधक यांना वेगळं पत्र द्या, म्हणजे माहिती एकाच टेबलावर अडकून राहत नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच), मंडळ अधिकारी, बँक आणि विकास सोसायटी यांनाही द्या. सरकारी कार्यालयात हातोहात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. खासगी माणसांना स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. जुनं रजिस्टर पत्र पोस्टाने २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन केलं. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा होऊन परत आलं तर ते फोडायचं नाही. बंद पाकीट तसंच कोर्टात दाखल होतं. त्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवरही प्रत पाठवा आणि तो फोन सांभाळून ठेवा.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. तलाठी तुमच्या पत्रावरून सातबाऱ्याच्या इतर हक्कात काही लिहिणार नाहीत, त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागतो. दुय्यम निबंधकही तुमच्या पत्रामुळे दस्त अडवायला बांधील नाहीत, मालकी तपासणं हे त्यांचं काम नाही. पत्राचा खरा उपयोग पुढे होतो: अमुक तारखेला अमुक माणसाला माहीत होतं, हे तुम्हाला कागदावर दाखवता येतं.

एक दुसरी गोष्टही घडते. महाराष्ट्रात मुखत्याराने दस्त नोंदवला की त्याच्याकडून एक घोषणापत्र घेतलं जातं: मुखत्यारपत्र देणाऱ्याने ते रद्द केलेलं नाही, देणारी व्यक्ती मयत नाही, मुखत्यारपत्र पूर्ण वैध आहे, आणि हे खोटं निघालं तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली मी शिक्षेस पात्र राहीन. सात वर्षांपर्यंतची कैद आहे त्यात. नोटीस मिळाल्यावर काकांना हे घोषणापत्र पुन्हा सही करायचं तर चांगलाच विचार करावा लागेल. नोटीस मिळालेली नसेल तर ते बिनदिक्कत सही करतील आणि नंतर "मला माहीतच नव्हतं" म्हणतील.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्या, साताऱ्यात खपणाऱ्या दैनिकात. मुंबईच्या पानात देऊन उपयोग नाही. मजकूर चार ओळींचा असावा: गट नंबर, मुखत्यारपत्राचा दस्त क्रमांक, रद्द केल्याची तारीख, यापुढचा व्यवहार बंधनकारक राहणार नाही. "लबाड", "फसवणूक करणारा" असे शब्द घालू नका. राग निघतो, पण अब्रुनुकसानीचा दावा अंगावर येतो.

हे चालू असतानाच कागद गोळा करा. तुमच्याकडे मुखत्यारपत्राची पहिली आणि शेवटची पानं आहेत असं दिसतं. सगळं गुपित मधल्या पानांत असतं. मुखत्यारपत्र सहसा नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक ४ मध्ये असतं आणि त्याची नक्कल वाटेल त्याला मिळत नाही, लिहून देणाऱ्याला किंवा त्याखाली हक्क सांगणाऱ्याला मिळते. म्हणून अर्जावर सही आईंची हवी. खरेदीखत मात्र पुस्तक १ मध्ये असतं, त्याची नक्कल कोणालाही मिळते, आणि बहुतेकदा त्यालाच मुखत्यारपत्राची प्रत आणि ते घोषणापत्र जोडलेलं असतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गट नंबर टाकून २०१९ पासून प्रत्येक वर्षाची सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) तपासा. काकांनी एकच व्यवहार केलाय हे आपण गृहीत का धरायचं? दोन एकरांचं साठेखत (पुढे विकण्याचा करार) नोंदवलेलं असेल तर तेही तिथेच सापडेल.

मुखत्यारपत्र हातात आलं की एकच शोधायचं: विक्रीचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलाय का. "जमिनीची व्यवस्था पाहणे, पीक काढणे, कर भरणे, सरकारी कचेरीत अर्ज करणे, आणि तत्सम सर्व कामे करणे" एवढंच असेल तर त्यातल्या "सर्व कामे" मध्ये विक्री येत नाही. उमादेवी नांबियार यांच्या खटल्यात (सर्वोच्च न्यायालय, २०२२) गोष्ट तुमच्यासारखीच होती. बहिणीने बहिणीला मुखत्यारपत्र दिलं, ते रद्द होण्याआधीच तिने जमीन परक्यांना देऊन टाकली. न्यायालयाने म्हटलं, विकण्याचा स्पष्ट अधिकार कागदात नव्हता. मग घेणाऱ्याला मिळालं काय? देणाऱ्याकडे जे नव्हतं ते घेणाऱ्याला मिळू शकत नाही. तुमच्या मधल्या पानांत विक्रीचा अधिकार नसेल तर तुमचं प्रकरण निम्म्याहून सोपं झालं.

पण बहुतेकदा तो असतो. "विक्री करणे, गहाण ठेवणे, मोबदला स्वीकारणे, पोच देणे, खरेदीखतावर सह्या करून कबुली देणे" असा पंधरा ओळींचा परिच्छेद साच्यातून आलेला असतो आणि आईंनी तो वाचलेला नसतो. इथे मोह होतो तो हा: "आईला वाचून दाखवलं नाही, ती तेव्हा आजारी होती, तिला भ्रमिष्टपणा होता" असं दाव्यात लिहायचं. खरं असेल आणि पुरावा असेल तर जरूर लिहा. नसेल तर नका लिहू. आईंना मराठी वाचता येतं, त्या कार्यालयात गेल्या, त्यांचा फोटो आणि अंगठा तिथे आहे. शिवाय २०१९ मध्ये त्यांना कळत नव्हतं असं म्हणालात, तर आता ७१ व्या वर्षी केलेला रद्दलेख कळून केला हे कसं पटवणार? मी अशा प्रकरणात सरळ बाजू घेतो: सही माझी, अधिकार मी दिला, आणि ज्या कामासाठी दिला त्याच्या उलट त्याने तो वापरला.

कारण विक्रीचा अधिकार असला तरी तो मालकाच्या भल्यासाठी वापरायचा असतो. मुखत्यार हा नात्याने दीर असेल, कायद्याने तो तुमच्या आईंचा कारभारी आहे. मागितल्यावर हिशेब देणं (कलम २१३) आणि आलेली रक्कम मालकाच्या हवाली करणं (कलम २१८) ही त्याची कर्तव्यं आहेत. कलम २१५ आणखी पुढे जातं: मुखत्याराने मालकाला न विचारता स्वतःशीच व्यवहार केला, आणि महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा व्यवहार मालकाला तोट्याचा ठरला, तर मालक तो व्यवहार झिडकारू शकतो.

अडचण एवढीच की सून कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. "मी कुठे घेतली? तिने घेतली, तिचं स्त्रीधन होतं" असं येणार. म्हणून खरेदीखताचं मोबदल्याचं कलम ओळ न ओळ वाचा. असे दस्त मी पुष्कळ पाहतो, साधारण मजकूर असा असतो: "पैकी रक्कम रुपये ३,००,००० धनादेशाने, उर्वरित रक्कम वेळोवेळी रोखीने पावली, त्याबद्दल तक्रार नाही." तुमच्या दस्तात असं काही असेल तर धनादेश कोणत्या खात्यातून निघाला आणि कोणत्या खात्यात गेला? काकांच्या खात्यातून सुनेकडे, सुनेच्या खात्यातून "मुखत्यार म्हणून" पुन्हा काकांकडे, असा फेरा निघाला तर कलम २१५ साठी याहून चांगला पुरावा नाही. रोखीचा भाग तर आयकर कायद्याच्याही विरुद्ध जातो. आणि सूची क्रमांक २ मध्ये मोबदला आणि बाजारभाव अशा दोन रकमा शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. मोबदला ११ लाख आणि बाजारभाव त्याच्या कितीतरी पुढे असेल, तर व्यवहार तोट्याचा होता हे त्यांच्याच दस्ताने कबूल केलेलं असतं.

साताऱ्याच्या गृहस्थांचं प्रकरण याहून वेगळं आहे आणि तिथे जरा हात राखून बोलावं लागेल. ते परके. त्यांनी नोंदवलेलं मुखत्यारपत्र पाहिलं, विक्रीचा अधिकार वाचला, विसार दिला. आई आणि काका यांच्यात तोंडी काय ठरलं होतं, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही, आणि कायदा अशा माणसाला संरक्षण देतो. रद्द करण्याआधी मुखत्याराने जे करून ठेवलं ते रद्दलेखाने पुसलं जात नाही (कलम २०४). त्यामुळे ते उद्या "साठेखताप्रमाणे खरेदी करून द्या" असा दावा लावू शकतात. मात्र नोटीस मिळाल्यानंतर पुढचा पैसा त्यांनी काकांना दिला तर तो त्यांच्या जबाबदारीवर. म्हणून त्यांना धमकीची नोटीस पाठवू नका. माहितीची पाठवा आणि त्यांच्याशी बोला. बहुतेक माणसं कोर्टकज्जातली जमीन घ्यायला तयार नसतात, ती विसार परत मागायला काकांच्याच दारात जातात, आणि काकांवर सगळ्यात मोठा दबाव तिथून येतो. एक बघून घ्या: ते गृहस्थ शेतकरी आहेत का? कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नसतील तर तो मुद्दा तुमच्या पारड्यात.

आता मुदत. दस्त रद्द करून मागण्याचा दावा, ज्यामुळे तो हक्क मिळतो ती हकीकत कळल्यापासून ३ वर्षांत लावायचा असतो (मुदत कायदा, १९६३, अनुच्छेद ५९). तुम्हाला दिवाळीत कळलं, म्हणून वेळ आहे असं तुम्ही म्हणाल. समोरचे म्हणतील: खरेदीखत २०२२ चं, नोंदणीकृत, फेरफाराची (सातबाऱ्यावर नाव बदलण्याची) नोटीस निघाली होती, ती मुखत्यार म्हणून काकांनी घेतली, मुखत्याराला कळलं म्हणजे मालकाला कळलं. ज्या फसवणुकीचा कर्ता स्वतः मुखत्यारच आहे, तिथे त्याचं ज्ञान मालकाच्या माथी मारता येणं कठीण आहे, आणि फसवणूक असेल तिथे कलम १७ मुदत पुढे ढकलतं. युक्तिवाद आपल्या बाजूने चांगला आहे. पण तो करायची वेळच का आणायची? दिवाळीत कसं कळलं, कुणी सांगितलं, त्याच दिवशी कुणाला फोन केला, हे आजच तारखेसह लिहून ठेवा. उलटतपासणीत पहिला तास याच्यावर जातो.

फेरफारावर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करता येतं, उशीर माफीचा अर्ज जोडून. करा, पण त्याला मुख्य लढाई समजू नका. फेरफाराने मालकी ठरत नाही, महसूल अधिकारी खरेदीखत रद्द करू शकत नाहीत. दोन-तीन वर्षं प्रांत, अपर जिल्हाधिकारी अशी चढाई करत बसतात आणि दिवाणी दाव्याची मुदत निघून जाते, हे मी वारंवार बघतो.

दावा कोरेगावच्या दिवाणी न्यायालयात, म्हणजे जमीन जिथे आहे तिथे. डोंबिवलीहून कल्याणला लावता येणार नाही. मागण्या एकाच दाव्यात सगळ्या: मुखत्यारी संपल्याचं जाहीर करून मिळावं, २०२२ चं खरेदीखत रद्द व्हावं, एक एकराचा ताबा, दोन एकरांवर कायम मनाई, हिशेब आणि त्यातून निघेल ती रक्कम. एखादी मागणी आज सोडली तर उद्या त्याच कारणावर वेगळा दावा लावताना अडथळा येतो. काका आणि सून दोघंही प्रतिवादी. कोर्ट फीची धास्ती घेऊ नका: महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे आणि वादी तुमच्या आई आहेत. दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, म्हणजे "जैसे थे"चा हुकूम मिळवायचा प्रयत्न पहिल्या तारखेपासून सुरू होतो.

आणि इथे एक महाराष्ट्री खुबी आहे जी बाहेरून आलेल्या वकिलांनाही कधीकधी माहीत नसते. दावा चालू असताना विकलेली जमीन दाव्याच्या निकालाला बांधील राहते, हा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ चा नियम. इतर अनेक राज्यांत दावा दाखल झाला की तो आपोआप लागू होतो. आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, तरच त्याचं संरक्षण मिळतं. लोक बोलताना तिला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात. ती नोंदवली की ई-सर्चमध्ये दिसते आणि त्या गटाचा शोध घेणारा प्रत्येक वकील आपल्या अशिलाला सांगतो, "इथे हात घालू नका." मनाई हुकूम मिळायला वेळ लागला तरी ही नोटीस दावा दाखल केल्याच्या आठवड्यात नोंदवून टाका. सुनेने तो एक एकर तिसऱ्याला विकला, तर ही नोटीस नसल्याची किंमत तुम्हाला कळेल.

पोलिसांचं. तक्रार द्या, पण क्रम चुकवू नका. हातात फक्त संताप घेऊन ठाण्यात गेलात तर "दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, कोर्टात जा" असा कागद मिळेल, आणि तो कागद पुढे काकाच दाखवत फिरतील. खरेदीखताची नक्कल, खात्याचे उतारे, हिशेब मागणारी नोटीस आणि तिला आलेलं (किंवा न आलेलं) उत्तर, एवढं घेऊन जा. खरेदीखत २०२२ चं, त्यामुळे त्याला जुना भारतीय दंड संहिता कायदाच लागेल, कलम ४०६ आणि ४२०. १ जुलै २०२४ नंतरच्या कृत्यांना, कदाचित हा विसार त्यात येईल, भारतीय न्याय संहितेची कलमं ३१६ आणि ३१८. बनावट दस्ताची कलमं उगाच घालू नका: सही काकांचीच आहे आणि ती त्यांनी मुखत्यार म्हणूनच केली, म्हणजे हा विश्वासघात आहे, खोटी सही नाही. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. बरेच जण ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ खाली प्रांतांकडे अर्ज करायला सुचवतात. त्याचं कलम २३ सांभाळण्याच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेसाठी आहे. काकांना आईंनी काही दिलंच नव्हतं, त्यामुळे ते इथे बसत नाही.

ठेवीसाठी बँकेला आईंच्या सहीने दोन पत्रं: एक, मुखत्यारी रद्द, यापुढे कोणताही व्यवहार मान्य करू नये, दुसरं, २०१९ पासूनचे खातेउतारे, ठेव मोडल्याच्या अर्जाची प्रत आणि रक्कम कोणत्या खात्यात वळती झाली त्याचा तपशील. उशीर नको. बँकांना व्यवहाराचे कागद किमान ५ वर्षं ठेवावे लागतात, त्यानंतर ते मिळतीलच असं नाही, आणि २०१९-२० चे आधीच हातातून जायला लागले असतील. हिशेबाच्या दाव्याची मुदतही वेगळी चालते: हिशेब मागून नकार मिळाल्यापासून, किंवा मागितलाच नसेल तर मुखत्यारी संपल्यापासून, ३ वर्षं.

आईंना कोर्टात उभं राहावं लागेल का? हो, आणि तुमच्या नावाने मुखत्यारपत्र घेतल्याने ते टळणार नाही. जानकी वासदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक (२००५) या निकालापासून हे पक्कं आहे की जी गोष्ट फक्त मालकाला ठाऊक आहे, त्याबद्दल मुखत्यार मालकाच्या वतीने साक्ष देऊ शकत नाही. काकांना अधिकार देताना काय बोलणं झालं, पैसे मिळाले का, हे फक्त आईच सांगू शकतात. सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूची मूळ साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते. उलटतपासणीसाठी तब्येतीच्या कारणावरून कोर्ट कमिशनर नेमून घरी जबाब घेता येतो. आणि वय बघता एक अर्ज अगदी सुरुवातीला द्यायला सांगा: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १६ खाली त्यांची साक्ष लवकर नोंदवून घ्यावी म्हणून. दावे रेंगाळतात आणि मुख्य साक्षीदारच राहत नाही, हे वाईट वाटलं तरी बोलायला हवं.

तुमच्या नावाने मुखत्यारपत्र घ्या, पण ते विशेष मुखत्यारपत्र असू दे: हा दावा चालवणे, वकीलपत्र देणे, नकला काढणे, कार्यालयांत अर्ज देणे. विक्रीचा, गहाणाचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात ठेवू नका आणि ते नाहीत असं स्पष्ट लिहा. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. काकांचे वकील कोर्टात ते वाचतील तेव्हा "मुलीलाच जमीन हवी आहे" म्हणायला जागा राहू नये म्हणून. आणखी एक ध्यानात ठेवा. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान गेलं की आपल्या कायद्यात तेही संपतं. परदेशात असतं तसं, मालकाला विस्मरण झाल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आपल्याकडे नाही. तशी वेळ आलीच तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

राहिलं काकांचं "बसून मिटवू". बसा, भावकीतल्या वादात मी नाही म्हणत नाही, आणि सून परत खरेदीखत करून द्यायला तयार असेल तर याहून चांगलं काही नाही. पण नोटिसा गेल्यावर आणि शक्यतो दावा दाखल झाल्यावर बसा, कारण बोलणी सहज वर्षभर ताणता येतात आणि मुदत कोणासाठी थांबत नाही. गावच्या चार मंडळींसमोर स्टॅम्पपेपरवर "जमीन परत देईन" असं लिहून घेतलेल्या कागदाने जमीन परत येत नाही. नोंदवलेलं खरेदीखत फिरवायला नोंदवलेलाच दस्त लागतो, नाहीतर चालू दाव्यातला तडजोड हुकूमनामा. लोक अदालतीत तडजोड झाली तर तो मार्ग सगळ्यात स्वस्त. तडजोडीत काय-काय यायला हवं: सुनेची स्वतःची सही, साताऱ्याच्या गृहस्थांचा विसार काकांनी परत केल्याची पावती आणि साठेखत नोंदवलेलं असेल तर ते रद्द केल्याचा नोंदवलेला दस्त, ठेवीची रक्कम आईंच्या खात्यात, आणि फेरफार आईंच्या नावावर मंजूर झाल्याचा उतारा. काका म्हणतील, आधी दावा आणि तक्रार मागे घ्या, मग बाकीचं बघू. तेव्हा त्यांना शांतपणे सांगा की तडजोडीची पुरशीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दाव्यातच दाखल होईल आणि उतारा हातात पडेपर्यंत लिस पेंडन्सची नोटीस उठणार नाही.